आरसा काढल्यावर

२ मार्च

वन्सं,

मेल तू उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि तुझ्या दादाकरवी निरोप धाडला तर तो "बरी आहे ती" एवढंच घेऊन परत येतो. म्हणून कागद घेतला. बंद पाकीट न फोडता ठेवणं तुला जन्मात जमलेलं नाही. वसतिगृहात माझ्या घरची पत्रंसुद्धा तूच आधी वाचायचीस आणि वर मला मजकूर सांगायचीस.

वन्सं म्हटल्यावर तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. मी आधी तुझी मैत्रीण, मग सहकारी, आणि तूच आपल्या भावाशी गाठ घालून दिलीस म्हणून सगळ्यांत शेवटी तुझी वहिनी. पहिली दोन नाती तू नोकरी सोडलीस तेव्हा दारातच ठेवून गेलीस. तिसरं मोडणं तुझ्या हातात नाही, त्यामुळे मी आता त्याच्याच जोरावर बोलणार आहे.

कामाचं लिहिते. तुला पाठ असलेल्या गोष्टीही लिहाव्या लागतील, कारण पाकिटात घालायच्या आधी तुझा दादा हे वाचणार आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का" विचारून त्याला घरी "म्हणजे काय" विचारायची सवय लागली आहे.

तर तुझं ते चित्र. दोन न्यूट्रॉन तारे, एकेक जेमतेम शहराएवढा आणि तरी सूर्याहून जड, एकमेकांभोवती फिरत येऊन धडकतात. मधे कृष्णविवर, भोवती तापलेली चकती, आणि वर-खाली निघालेले दोन निळे झोत, सुईसारखे सरळ. गॅमा किरणांचा तो क्षणभराचा स्फोट या झोतातून येतो आणि झोताला वाट काढून देतं ते चुंबकीय क्षेत्र, हे तू त्या एका चित्रात सगळ्यांना दाखवलंस. ते पाठ्यपुस्तकांत गेलं, परिषदांच्या पिशव्यांवर गेलं, आणि आईंच्या खोलीत पलंगासमोरच्या भिंतीवर गेलं. घरी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही आई ते दाखवतात. त्याला चहा मिळतो, पण आधी झोत बघावा लागतो.

त्या चित्रात दोन गोष्टी तू हाताने केल्या होत्यास. एक, मशीनचा, म्हणजे महासंगणकाचा, वेळ वाचावा म्हणून गणितात फक्त वरचा अर्धा भाग सोडवलास आणि मध्यावर आरसा लावलास. खालचा झोत कुणी मोजलेलाच नाही, तो वरच्याचं प्रतिबिंब आहे. दोन, चुंबकीय क्षेत्र. तारे एकमेकांना घासतात तेव्हा मधल्या थरात फार बारीक भोवरे उठतात आणि तेच हे क्षेत्र पिळून पिळून वाढवतात. पण आपल्या गणिताच्या जाळीची घरं त्या भोवऱ्यांपेक्षा मोठी, भोवरे त्यांतून निसटून जातात. म्हणून आपण सगळेच पहिल्यापासून भरपूर क्षेत्र घालायचो, आणि तेही नीटनेटकं, उत्तर-दक्षिण विंचरलेलं. विरजण लावून वाट बघायच्या ऐवजी भांड्यात तयार दहीच ओतायचं, तसं.

यात लपवाछपवी काही नव्हती. तू ते लिहिलं होतंस, सगळेच तसं करत होते. तू नोकरी सोडण्याआधीच्या त्या गटाच्या बैठकीत मी म्हणाले, "आरशात काय, सगळेच देखणे दिसतात." लोक हसले आणि तू उठून गेलीस. बोलले ते खरं होतं आणि आजही खरंच आहे.

आता मी आरसा काढला आहे. पूर्ण तारे घेतले, वरचा भाग निराळा, खालचा निराळा. जाळी बारीक केली. क्षेत्र थोडंसंच घातलं, आणि विंचरलेलं नाही तर मांजरीने खेळून टाकलेल्या लोकरीसारखं गुंतलेलं. झोत निघाला नाही. वरही नाही, खालीही नाही. आलेख सोबत जोडला आहे, तुला माझ्या शब्दावर विश्वास नसेल म्हणून.

आणि आता खरं कारण. समुद्रापलीकडच्या गटाला हेच दिसलंय. त्यांचा प्रमुख सभ्य माणूस आहे, त्याने आधी कळवलं. मे महिन्यात ते छापणार आहेत की तुझ्या चित्रातला झोत गणिताने आपल्या सोयीने काढलेला आहे. एप्रिल संपेपर्यंत थांबतो म्हणाला. तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, वन्सं. तुझं चित्र तूच उतरव. ज्या नियतकालिकात ते आलं तिथे आपल्या दोघींच्या नावाने दुरुस्तीची टीप पाठवू, नवं गणित जोडू, आणि ताठ मानेने उभ्या राहू. दुसऱ्यांनी उतरवलं तर ते ओरबाडून उतरवतील, आणि पुढे कायम तुझं नाव त्या ओरखड्यापाशीच निघेल. ते मला बघवणार नाही. टिपेचा नमुना सोबत आहे, सही करून पाठव.

तुझी, नाइलाजाने का होईना,
वहिनी

१४ मार्च

वन्सं,

मिळालं तुझं उत्तर. याला उत्तर म्हणायचं असेल तर.

माझाच आलेख परत, त्यावर रेघेच्या शेवटाला लाल पेन्सिलीने एक गोल, आणि गोलाशेजारी एकच शब्द. "मग?" ना मायना, ना सही. मी पाकीट उलटं करून झटकलं. तुझा दादा म्हणाला, "अक्षर तिचंच आहे, म्हणजे हात शाबूत आहे." त्याचं समाधान लवकर होतं.

मग काय, मग? रेघ तिथे संपते कारण मशीनवरचा आमचा वेळ तिथे संपला. तारे धडकल्यापासून सेकंदाचा दहावा भाग मोजायला ते महाकाय मशीन कित्येक आठवडे राबलं. तुझ्या चित्रात झोत याच्या कितीतरी आधी निघाला होता. त्याहून दुप्पट थांबून मी नाही म्हणाले, आणखी किती थांबायचं? कुणी यायचं ठरलेल्या वेळी आलं नाही, नंतरही आलं नाही, तर आपण दाराला कडी लावतोच ना.

आमचा टकाटक तर पेपर लिहून मोकळा झालाय. टकाटक म्हणजे तुझ्या जागी आलेला. हुशार आहे, कामाला वाघ आहे, फक्त कशालाही "टकाटक" म्हणतो म्हणून त्याचं खरं नाव कुणाला आठवत नाही. त्याच्या पेपराचा मथळा आहे, 'झोत निघत नाही.' मी त्यावर सही करणार आहे. तुझ्या टिपेवर तू करावीस असं वाटत होतं, पण तू तिकडे अँटेनाखाली बसून उंटावरून शेळ्या हाकणार असशील तर माझा इलाज खुंटला.

तरी एक विचारते. तू त्या उपग्रहाच्या केंद्रावर खऱ्या स्फोटांच्या नोंदी ठेवतेस आणि मी इथे अजून खोटे स्फोट घडवते. मग लाल पेन्सिल अजून टेबलावर कशाला?

वहिनी

२६ मार्च

वन्सं,

तुझ्या नाकाला मिरच्या झोंबाव्यात म्हणून मागचं पत्र लिहिलं होतं. झोंबल्या माझ्याच.

तो गोल डोक्यातून जाईना. चार दिवस मी आलेख टेबलावर उपडा ठेवला, पाचव्या दिवशी सुलटा केला. आणि रागाने का होईना, बघितलं. रेघ संपते तिथे ती सपाट नाही. चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा तिथेही चढतेच आहे, सावकाश, पण चढते आहे. शिवाय जे वाढतंय ते आता नुसतं गुंतलेलं राहिलेलं नाही. चकतीच्या फिरण्याने त्यातले धागे ताणले जाऊन एका दिशेला लागू लागलेत. मी एवढ्या तोऱ्यात तुला दह्याचा दाखला दिला. तू दही ओतलं होतंस म्हणाले. आणि मी काय केलं? विरजण लावलं आणि तासाभरात झाकण उघडून ओरडले, दही लागत नाही.

हे तू एका गोलात सांगितलंस. दोन ओळी जास्त लिहिल्या असत्यास तर शाई संपली असती का?

टकाटकच्या पेपरावर मी सही केली नाही. तो म्हणाला, "मॅडम, दुसरा गटही हेच म्हणतोय." मी म्हणाले, "त्यांनीही आपल्याइतकंच थांबून बघितलंय. दोन घड्याळं एकाच वेळी बंद पडली म्हणून दुपारचे बारा वाजत नाहीत." पहिल्यांदाच तो टकाटक म्हणाला नाही.

मग मशीनच्या समितीकडे गेले. तुला ती खोली आठवत असेल, लांबलचक टेबल, पाण्याचे झाकलेले ग्लास, आणि आपण बोलत असताना पंख्याकडे बघणारे लोक. म्हणाले, तुमचा वाटा संपला. मी म्हणाले, पुढच्या वर्षीचा आजच द्या. म्हणाले, आणि पुढच्या वर्षी काय कराल? मी म्हणाले, पुढच्या वर्षी झोत काढणारी म्हणून मला तुम्हीच बोलावून वेळ द्याल, किंवा पुढच्या वर्षी मी वर्ग शिकवीन आणि तुमची कटकट जाईल, दोन्हीकडून तुमचा फायदा. अध्यक्ष हसले. वेळ मिळाला. गटातल्या सगळ्यांचा वर्षाचा वेळ मी एका डावावर लावला आहे, आणि झोत निघालाच नाही तर मला तोंड लपवायला जागा नाही. पण निघेल असं मला वाटतं. का ते विचारू नकोस, चढती रेघ बघितली की हातांना कळतं.

घरचं. आई बऱ्या आहेत. तू गेल्यापासून त्या तुझं नाव काढत नाहीत, पण रोज सकाळी चित्राची काच पुसतात. चित्र चुकीचं ठरतंय हे मी त्यांना सांगितलेलं नाही. तुझा दादा म्हणतो, सांगून टाक. मी म्हणते, ज्याचं त्याने सांगावं. खरं तर माझा धीर होत नाही. समितीसमोर माझी जीभ कात्रीसारखी चालते आणि आईंच्या खोलीत गेले की टाळूला चिकटते.

वहिनी

१७ एप्रिल

वन्सं,

निघाला.

आधी सगळं नीट सांगते, मग हवं तेवढं मिरवते. वर्षाचा वेळ एकदम मिळाला म्हणून अख्खं मशीन या एकाच गणिताला लावलं, आठवड्यांचं काम दिवसांत झालं. तारे धडकल्यावर जवळपास अर्धा सेकंद होईपर्यंत काही नाही. टकाटक रोज सकाळी पडद्यासमोर उभा राहून मान हलवायचा आणि मी रोज त्याला म्हणायचे, घोडामैदान जवळच आहे. ऊर्जेची रेघ चढत चढत गेली. चकतीतलं क्षेत्र वर सरकायला लागलं, एकदा एका दिशेचं, मग उलट्या दिशेचं, मग पुन्हा पहिल्या. आपण वर्गात शिकवतो तसंच, फक्त आपण ते कधी घडताना बघितलं नव्हतं, कारण तेवढं थांबलोच नव्हतो. आणि मंगळवारी खालच्या बाजूने झोत बाहेर पडला. खालच्या, वन्सं. तू कधी मोजलीच नव्हतीस त्या बाजूने.

वरचा मागाहून आला, आणि बारीक. दोन्ही एका रेषेतही नाहीत, खालचा जरासा कललेला आहे. सुईसारखा सरळ तर बिलकुल नाही. मधे एकदा वरचा विझतोय की काय असं वाटलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले, जणू मी उभी राहिले म्हणजे तो पडणार नाही. सावरला तो. टकाटकने माझ्यासाठी कॉफी आणली आणि स्वतःच पिऊन टाकली, त्याला कळलंच नाही.

तेव्हा आता जमाखर्च असा. झोत असतो, हे तू म्हणाली होतीस, ते बरोबर. झोत चुंबकीय क्षेत्र काढतं, तेही बरोबर. तो लगेच निघतो आणि दोन्हीकडे सारखा असतो, हे आरशाचं आणि तयार क्षेत्राचं काम, ते चूक. आणि झोत निघत नाही असं मी म्हणाले होते, ते तुझ्याहून मोठं चूक, कारण तू निदान घाईने काही दाखवलंस तरी, मी घाईने काहीच नाही म्हणून बसले.

आणखी एक, आणि हे तुझ्या खात्यातलं आहे. आपल्या पिढीला अशी एकच जोडी धड मिळाली, आधी गुरुत्वलहर आणि पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरण. ते पावणेदोन सेकंद कुठे गेले यावर माणसं अजून भांडतात. सगळे नाही, पण त्यांतले काही या क्षेत्राच्या मुरण्यात गेले असतील. पुढची जोडी सापडेल तेव्हा ते अंतर पहिल्यांदा तुझ्या केंद्रावर मोजलं जाईल. मी इथून आकडा सांगीन आणि तू तिथून तो खोडशील. याहून चांगला संसार मला सुचत नाही, तुझ्या दादाने वाचलं तरी चालेल.

दुसऱ्या गटाच्या प्रमुखाला कळवलं. त्याचं पत्र आलं की आम्हीही पुढे चालवून बघतो, छापणं थांबवतोय. म्हणजे आता तुझ्यावर कुणाचा दबाव नाही. माझाही नाही. तू टीप लिहिली नाहीस तर चित्र आणखी दहा वर्षं पिशव्यांवर मिरवेल, कुणी काही म्हणणार नाही.

म्हणूनच आता विचारते. कालपर्यंत मी तुला भीती घालत होते, आज तीही सोय उरली नाही. नव्या पेपरावर तुझं नाव पहिलं असावं असं मला वाटतं, कारण तो गोल तू काढलास. त्याच अंकात जुन्या चित्राची टीप जावी असंही वाटतं. पण तुझ्याशिवाय मी दोन्हींतलं काही पाठवणार नाही. मला तुझी सही नको आहे, तू हवी आहेस. लिहिलं एकदाचं. तुझ्या रिकाम्या टेबलावर टकाटक बसतो आणि मी रोज त्याला तुझ्या नावाने हाक मारते, तो ओ देतो.

नवं चित्र आणि पेपराचा मसुदा सोबत आहे. आईंना अजून दाखवलेलं नाही.

तुझीच,
वहिनी

२५ एप्रिल

वहिनी,

तुझी चारही पत्रं फोडली, आल्या दिवशीच. एवढं कबूल करते, पण फुशारकी मारू नकोस.

टिपेचा मसुदा सोबत आहे, सही केली आहे. तू नमुना म्हणून पाठवला होतास त्यात 'तत्कालीन साधनांच्या मर्यादांमुळे' असं होतं, ते मी खोडलं. असलं गुळमुळीत मला चालत नाही. 'मी आरसा लावला होता, म्हणून खालचा झोत दिसला' असं लिहिलंय, पहिल्याच वाक्यात. त्यात एका शब्दाचा बदल केलास तर सही मागे घेईन.

पेपरात माझं नाव दुसरं ठेव. गोल काढायला दहा सेकंद लागतात, समितीसमोर वर्षाचा वेळ पणाला लावायला छाती लागते. आणि तू पुन्हा घाई केली आहेस. एका वेळच्या गणितात खालून आधी आला म्हणून तो नेहमी खालूनच येईल असं आठव्या पानावर जवळजवळ म्हटलंयस. लोकर वेगळी गुंतवून आणखी दोनदा चालव, मग बोल. पेन्सिलीने खूण केली आहे.

आता त्या बैठकीचं. मी उठले ते तू खोटं बोललीस म्हणून नव्हे. खरं बोललीस. आरशाची शंका मलाही वर्षभर खात होती. पण मला आधी सांगायचं होतंस, घरी, ओट्यापाशी, तू भांडी घासताना आणि मी पुसताना, जिथे आपण बाकी सगळ्या जगाची गणितं खोडली. ते तू दहा माणसांत सांगितलंस आणि हसलीस. मला चित्राचं एवढं दुःख झालं नाही. आपल्या घरात मी पाहुणी आहे असं वाटलं. म्हणून लांब आले. इथली नोकरी चांगली आहे आणि मी ती सोडणार नाही. तुझा आकडा खोडायला कुणीतरी इथे बसायलाच हवं.

आईला मी काल फोनवर सांगितलं. सगळं, आरशासकट. तिने खालचा झोत म्हणजे कुठला ते दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी अर्धंच चित्र पुसत होते?" मी हो म्हणाले. तर म्हणाली, "मग उरलेलं कधी आणतेस?"

शनिवारी येते, चार दिवसांसाठी. नवं चित्र मोठं छापून घे, पण जुनं उतरवू नकोस, ते राहू दे, शेजारी नवं लावू. आणि मी येईपर्यंत भिंतीला हात लावू नकोस. तुला खिळा सरळ ठोकता येत नाही. मागच्या वेळी ठोकलास तो अजून वाकडा आहे, आणि गेली कित्येक वर्षं माझं चित्र त्याच्याच भरवशावर टांगलेलं आहे.

तुझी,
वन्सं